बिनमठाराची टाकी

सोनगीरच्या तांबट आळीत एके काळी असा समय होता की, पहाटेच्या कोंबड्याच्या आधी हातोडा आरवत असे. तांब्याच्या घागरी, पितळेचे हंडे, न्हाणीघरातले बंब यांच्या अंगावर पडणाऱ्या ठोक्यांनी ती अवघी आळी दुमदुमून जाई, आणि नव्याने नांदायला आलेल्या सुनेला पहिले काही दिवस त्या आवाजाने झोप म्हणून लागत नसे. पुढे स्टीलची भांडी आली. लग्नाच्या रुखवतात तांब्याच्या घागरीच्या जागी स्टीलची कळशी मानाने बसू लागली आणि आळीतला एकेक हातोडा मुका होत गेला. ज्या काळाची ही कथा आहे, त्या सुमारास, म्हणजे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालात, अवघ्या आळीत दोनचार भट्ट्याच काय त्या धुगधुगत होत्या. त्यांपैकी एक भिकन तांबट याची होती, आणि तीही सणासुदीलाच पेटत असे.

भिकनचे अंतःकरण मात्र जुन्याच धातूचे होते. त्याच्या मते भांडे घडवणे हे अर्धे काम; त्याच्या सर्वांगावर हातोड्याचे एकसारखे, शिंपल्यासारखे ठसे उठवणे, ज्याला तांबट लोक मठारणे म्हणतात, ते खरे काम. मठाराने पत्रा कठीण होतो, भांडे टिकते आणि वर त्याला रूप येते. तो म्हणत असे, "मठार नसलेलं भांडं म्हंजे न न्हायलेलं लेकरू. कोनी मांडीवर घेस का?"

अशा या मनुष्याचा एकुलता एक पुत्र अभिमन दहावी उत्तीर्ण होऊन धुळ्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत पत्रेकामाच्या वर्गात दाखल झाला, तेव्हा भिकनला तो स्वतःचाच उपहास वाटला. तांबटाच्या पोराने पत्रा ठोकण्याचे शिक्षण सरकारी बाकावर बसून घ्यावे! माशाने विहिरीत जाऊन पोहण्याची शिकवणी लावावी तसलाच हा प्रकार. परंतु आळीत काम उरले नव्हते, हे त्यालाही दिसत होते. अखेर बापलेकांत करार झाला तो असा की, अभिमनने एक वर्ष शिकावे. वर्ष संपता नोकरीचा मार्ग दिसला तर उत्तम, न दिसला तर आईचा भाऊ सुपडू याच्याबरोबर सुरतेला जाऊन लूमवर उभे राहावे. सुपडू तेथे एका कापडाच्या कारखान्यात होता आणि भाच्यासाठी त्याने मालकाकडे शब्द टाकून ठेवला होता.

वर्ष सरले. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत शेतीच्या फवारणी पंपांचा एक कारखाना होता. पिकांवर औषध फवारताना शेतकरी पाठीवर जी पितळी टाकी बांधतो, ती तेथे तयार होत असे. त्या कारखान्याने शिकाऊ उमेदवार निवडण्याचे ठरवले. सोमवारी परीक्षा होती. अट एवढीच की, प्रत्येक उमेदवाराने स्वहस्ते केलेली एक छोटी पितळी टाकी झाकणासह नमुना म्हणून आणावी, आणि मग कारखान्यात सर्वांसमक्ष आणखी एक काम करून दाखवावे. नमुना आणला नाही तर आत प्रवेश नाही.

शनिवारी दुपारी अभिमन आपली टाकी धुतल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून घरी घेऊन आला. सुपडू मामा आदल्याच दिवशी सुरतेहून येऊन ओट्यावर ठाण मांडून बसला होता. मंगळवारी त्याला परतायचे होते आणि भाच्याला घेऊनच जायचे, असा त्याचा पक्का मनसुबा होता.

फडके सुटले. टाकी उन्हात अशी झळकली की, अभिमनची आई तानुबाई पदराने हात पुसत पुढे आली.

"देख, यामा मनं तोंड दिसस!" ती म्हणाली.

सुपडूने टाकी हातात फिरवली. "भाचा, यावर एक बी ठोका दिसस नही रे! दाजी, तुमना पोऱ्या वरीसभर बाकवर बसना आनि डालडाना डबा लई उना!"

"मामा, हाई टाकी शेतकरीना पाठवर जाई," अभिमन हसून म्हणाला. "तिले ठोका चालस नही. गुळगुळीत पाहिजे. आनि झाकन असं बसाले पाहिजे की औषध एक थेंब बाहेर येवाले नको." असे म्हणून त्याने झाकण मुखावर ठेवले आणि बोटाने हलकेच दाबले. फुस्स असा आवाज झाला, आतली हवा निघून गेली आणि झाकण जागेवर बसले.

"फुस्स!" सुपडूने नक्कल केली. "वरीसभरनी कमाई, फुस्स!"

तानुबाईने भावाच्या पाठीत धपाटा घातला. भिकन मात्र टाकीकडे पाहत होता. पितळ होते, अस्सल पितळ होते, आपल्याच घरचा धातू होता. आणि तो उघडाबोडका होता. हे असे भांडे आपल्या पोराच्या नावाने परगावी जाणार, चार जाणते लोक ते पाहणार, आणि विचारणार की, हा सोनगीरच्या तांबटाचा मुलगा ना? मग याच्या बापाने याला काय दिले?

अभिमन सोमवारसाठी मित्राचे बूट मागून आणावयास आणि कपड्यांना इस्त्री करून घ्यावयास हमरस्त्यावरच्या स्टँडकडे गेला. सुपडू जेवून लवंडला. तानुबाई शेजारी निवडणटिपणाला गेली. घरात भिकन आणि टाकी असे दोघेच उरले.

त्यानंतर जे घडले ते प्रेमापोटी घडले, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे. भिकनने झाकण काढून बाजूस ठेवले. ऐरणीच्या आडव्या दांड्यावर टाकी चढवली. खुंटीवरचा आपल्या बापाचा हातोडा काढला, त्याचे तोंड तळव्यावर घासून लख्ख केले, आणि पहिला ठोका दिला. कितीतरी महिन्यांनी हातात पितळ आले होते. ठोक्याला ठोका लागत गेला. एका ठशाच्या कडेवर दुसऱ्या ठशाची कड, ओळीवर ओळ, जणू धातूच्या अंगावर कोणी मोत्यांची जाळी विणीत आहे! तो आवाज ऐकून आळीतली म्हातारी माणसे दारात येऊन उभी राहिली. एकाने तर डोळे मिटून मान डोलावली. भिकनला आयुष्यात इतके सुंदर काम फारसे साधले नव्हते. शेवटचा ठोका देऊन त्याने टाकी धोतराच्या सोग्याने पुसली, आणि अगदी त्याच क्षणी अभिमन बूट बगलेत मारून अंगणात शिरला.

मुलाचे पाऊल उंबऱ्यातच थांबले.

"आबा, हाई कोन करं?"

"मी करं," भिकन अभिमानाने म्हणाला. "उघडं दिसत व्हतं रे. जळगावले उघडं कसं धाडसू?"

अभिमनने बूट खाली ठेवले. टाकी उचलली. झाकण उचलले. ते मुखावर ठेवले आणि बोटाने दाबले. झाकण बसले नाही. त्याने ते फिरवून पाहिले, दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिले. एका बाजूने टेके तर दुसऱ्या बाजूने उचले. मग त्याने टाकी प्रकाशाकडे धरली. उभ्या सांध्याला, जेथे जोडधातू वितळवून झाळ दिली होती तेथे, केसाएवढी चीर पडली होती.

"आबा," तो फार हळू म्हणाला, "पत्रा वाढना."

एवढे दोनच शब्द. पण भिकनच्या मस्तकावर जणू घण पडला. ठोकल्याने पत्रा वाढतो, हे त्याला कोणी सांगावे? ताटाएवढ्या चकतीपासून घागर तयार होते ती याच गुणावर! लहानपणी बापाने शिकवलेला तो पहिला धडा होता. परंतु त्याच्या जन्मात झाकण हे नेहमी भांड्यामागून घडत आले होते. भांडे जसे निघेल तसे झाकण बेतायचे. आधी झाकणाचे माप ठरलेले आहे आणि भांड्याने त्या मापात राहायचे आहे, ही गोष्ट त्याच्या स्वप्नातही आली नव्हती.

ठोके थांबल्याने सुपडू जागा झाला. त्याने टाकी पाहिली, झाकण पाहिले, आणि प्रकरण ध्यानी येताच तो म्हणाला, "चाला, देवनीच मर्जी! सुरतना लूमले झाकन बसाडनं पडत नही."

"भाऊ, तू उगा राह्य!" तानुबाई दारातूनच कडाडली.

भिकनला वाटले, आता पोरगा ओरडेल, टाकी फेकून देईल, निदान रडेल तरी. त्याने तसे केले असते तर बापाला बरे वाटले असते. अभिमनने रांजणातले पाणी घेऊन तोंड धुतले, टाकी पुन्हा फडक्यात बांधली आणि म्हणाला, "आबा, मी कय्युम सरांकडे जाऊन येतो. दिवस शे आजून." मुलगा शहराच्या माणसांविषयी बोलताना नकळत शहराची भाषा बोले. तो धुळ्याच्या बसच्या दिशेने चालू लागला. भिकनने हातोडा खुंटीवर परत टांगला.

दिवेलागणीला मुलगा परत आला. सर उद्या सकाळी येतो म्हणाले, एवढेच त्याने सांगितले.

कय्युम सर हे अभिमनचे निदेशक. धुळ्यात त्यांच्या वडिलांचे कंदील आणि डबे झाळण्याचे दुकान होते; त्याच दुकानातून ते स्वतः शिकत शिकत संस्थेत शिक्षक झाले होते. रविवार हा त्यांचा मुलाबाळांचा दिवस. तो सोडून ते सकाळच्या पहिल्या बसने सोनगीरला उतरले. खांद्याला कॅनव्हासची पिशवी होती आणि तीत हत्यारे खुळखुळत होती. भिकनने त्यांना पाट दिला. अपराध्याने फौजदारासमोर उभे राहावे तसा तो स्वतः उभाच राहिला.

सरांनी ती मठारलेली टाकी हातात घेतली आणि बराच वेळ तिच्यावरून बोटे फिरवली.

"भिकनभाऊ," ते म्हणाले, "खोटं सांगत नाही. असा हात मी धुळ्यात पाहिला नाही. पण ही टाकी जळगावला नेता येणार नाही."

"दुरुस्त?"

"वाढलेलं पितळ आकसत नाही हो. नवीन करावी लागेल. आजच."

भिकनच्या जिवात जीव आला. त्याने मनाशी हिशेब केला, मास्तर आले आहेत, आपण आहोत, दोन कसलेले हात असता एक टाकी ती काय! तो तडक आतल्या खोलीत गेला आणि जपून ठेवलेल्या पितळी पत्र्यांतून एक पत्रा अंगठ्याने चाचपून घेऊन आला. "हाऊ बराबर शे. तेवढाच जाड."

अभिमनने पिशवीतून एक गोल चकती काढली. तिच्या काठावर लहानमोठ्या खाचा होत्या. त्याने पत्र्याची कड एका खाचेत घालून पाहिली. ती गेली नाही. "जाड शे, आबा. थोडासाच." मग तो स्वतः आत गेला, एकेक पत्रा त्या खाचेत घालून पाहू लागला आणि त्यातला एक घेऊन आला. भिकनने दोन्ही पत्रे दोन्ही अंगठ्यांत धरून पाहिले. त्याला काहीच फरक कळला नाही. त्याने ती चकती मागून घेतली, स्वतः दोन्ही कडा खाचेत घालून पाहिल्या, आणि पुन्हा एकदा पाहिल्या.

"हाई खोटं बोलस नही," तो चकतीविषयी आदराने म्हणाला.

पत्रा ठरला. भिकनने बाह्या सरसावल्या. कय्युम सर मात्र पाटावरून उठून ओट्याच्या कडेला भिंतीशी टेकून बसले, आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले.

सुपडूला राहवले नाही. "दाजी, मास्तर तं पाव्हनामायक बसना! हातोडी कोन धरी?"

"अभिमन धरील," सर म्हणाले. "मी धरली तर ती माझी टाकी होईल. भिकनभाऊ, तुम्हीही या. इथे बसा, माझ्याजवळ."

"मी पत्रा तरी धरस," भिकन म्हणाला.

"पत्रा धरायला शिकंजा आणलाय मी."

"मंग तुम्ही उनात काब्रं?" मास्तर मुळात आलेच कशाला, असा सुपडूने रोकडा सवाल केला.

सर हसले. "हत्यारं आणायला. आणि भिकनभाऊंच्या शेजारी बसायला." मग भिकनकडे वळून, जरा खालच्या आवाजात ते म्हणाले, "माझे वडील फार मोठे कारागीर. मी जे जे करायला घेई, ते ते वडील हातातून घेत आणि सुधारून देत. मिशा फुटून पोरंबाळं झाली, तोवर माझ्या हातून एकही वस्तू पुरी झाली नव्हती, भाऊ. अर्धी मी, अर्धी ते. लोक म्हणायचे, काय सुंदर काम आहे! मला कळायचं नाही, माझं कोणतं."

भिकन त्यांच्या शेजारी बसला आणि त्याने आपले हात मांडीवर ठेवले. त्या हातांना रिकामे ठेवण्याची सवय नव्हती. ते कधी धोतराची चूण ओढत, कधी जमिनीवरची काडी मोडीत.

अभिमनने पत्रा अंगणातल्या फरशीवर पसरला आणि टोकदार सुईने त्यावर रेघा ओढावयास आरंभ केला. आधी एक लांबट चौकोन, त्याच्या एका कडेला सांध्यासाठी बारीक पट्टी, बाजूला तळाचे वर्तुळ, त्याच्याभोवती आणखी एक थोडे मोठे वर्तुळ, मग झाकण. मधूनमधून तो थांबे, तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटे आणि पुन्हा कंपास फिरवी.

भिकन प्रथम उगाच पाहत होता. मग त्याची मान पुढे झाली. त्याच्या धंद्यात पत्रा तापवावा, ठोकावा, पाहावे, पुन्हा तापवावा, आणि भांडे हळूहळू हाताखाली जन्म घेई. भांडे कसे होणार हे भांडे झाल्यावरच समजे. येथे तर हा पोरगा न जन्मलेल्या टाकीला उलगडून फरशीवर आडवी निजवीत होता! सदरा उसवून त्याचे तुकडे मांडावेत, तसे त्याने ते मांडले होते, परंतु सदरा अद्याप शिवला गेलाच नव्हता. आणि रेघेच्या बाहेर जो पत्रा उरला तो एवढासाच, की त्यातून एखादी पळी निघाली असती.

"सर," भिकनने हळूच विचारले, "हाई बठ्ठं त्याले आधीच दिसस?"

"आधीच दिसलं पाहिजे. नाहीतर कातर लावू देत नाही आम्ही."

"आनि तुम्हीनी शिकाडं?"

"रेघा मी शिकवल्या. धातूची भीड चेपलेली होती, ते तुमच्या घरचं."

भिकनने मान खाली घातली. आजवर या मनुष्याचा त्याने मनातल्या मनात किती अधिक्षेप केला होता! आणि हा सद्गृहस्थ आपला रविवार मोडून, परक्याच्या ओट्यावर, स्वतःच्या विद्यार्थ्यापेक्षा अवघडून बसला होता. कारण आता भिकनच्या ध्यानी आले की, सरांचीही बोटे मांडीवर स्वस्थ नव्हती. अभिमनने कातर किंचित तिरपी धरली की सरांचा अंगठा वळे. त्याने ती सरळ केली की अंगठा पुन्हा निजे. दोघेही उस्ताद लग्नातल्या व्याह्यांप्रमाणे शेजारी शेजारी बसून आपापले हात सांभाळीत होते.

पत्रा लोखंडी नळीवर गोल वळवला गेला. अभिमन लाकडी हातोडीने त्याला चुचकारत होता. तिचा आवाजही धड येत नव्हता, आणि धातूवर ठसाही उठत नव्हता. तानुबाईने सर्वांना कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. अभिमनने तिच्या हातून उभ्या उभ्याच दोन घास घेतले. सुपडू जेवण झाल्यावर पुन्हा लवंडला नाही. तो खांबाला टेकून पाहत राहिला.

अखेर झाळण्याची वेळ आली. हे काम भिकनचा जीव की प्राण होते. झाळ वितळून सांध्यात धावते तो क्षण पापणी लवण्याएवढाच असतो. तेव्हा आच काढली नाही तर झाळ वाहून जाते, आणि लवकर काढली तर ती गोळा होऊन बसते. अभिमनने झाळण्याचे तापलेले हत्यार सांध्यावर धरले. झाळ वितळली, चमकली आणि सांध्याच्या खालच्या टोकाशी येऊन तटली. भिकनला दिसले की, खाली आच कमी पडते आहे. आता टाकी जराशी कलती केली पाहिजे. आत्ता! तो ताडकन उठला, दोन पावले पुढे गेला आणि त्याचा हात मुलाच्या मनगटापर्यंत पोहोचला.

कोणी त्याला अडवले नाही. कय्युम सर जागचे हलले नाहीत. अभिमननेही वर पाहिले नाही. त्याला बापाचा हात बहुधा दिसलाही नसावा. भिकनचा हात तेथेच अधांतरी थांबला. एक श्वास गेला. मग त्याने तो हात दुसऱ्या हाताने धरला, जणू तो परक्याचा होता, आणि मागे आणला.

अभिमनने टाकी कलती केली. बापाला हवा होता त्या क्षणाहून उशिरा केली, परंतु केली. झाळ खालपर्यंत धावली. तळाशी ती थोडी जाड राहिली.

भिकन परत येऊन बसला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. सरांनी आपला रुमाल पुढे केला.

उन्हे कलताना अभिमनने नवे झाकण नव्या टाकीवर ठेवले आणि बोटाने दाबले. फुस्स झाले. या खेपेस सुपडूने नक्कल केली नाही.

सोमवारी बापलेक जळगावच्या बसमध्ये बसले. कारखान्याच्या फाटकाशी पहारेकऱ्याने उमेदवारांना तेवढे आत घेतले. भिकन बाहेर एका कडुनिंबाखाली बसला. खान्देशातून ठिकठिकाणाहून पोरे आली होती. कोणी शिंदखेड्याचे, कोणी जामनेरचे. प्रत्येकाच्या काखेत फडक्यात गुंडाळलेली एकेक टाकी होती, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीच एक धास्ती. त्या अनोळखी मुलांकडे पाहून भिकनला वाटले, या सगळ्यांच्या घरी कोणी ना कोणी आपले हात मांडीवर धरून बसलेले असेल काय?

थोड्या वेळाने पत्र्याच्या छपराखालून ठोक्यांचे आवाज येऊ लागले. भिकनने कान टवकारले. तांबट आळीत त्याला डोळे मिटून सांगता येई की, हा ठोका कोणत्या घरचा. कोणाचा हात जड, कोणाचा उतावळा, कोणाचा दारू प्यालेला. त्याने पोराचा ठोका वेचण्याचा प्रयत्न केला. परंतु लाकडी हातोड्यांचा तो धपधप आवाज एकमेकांत पूर्णपणे मिसळून गेला होता. एकही ठोका ओळखीचा नव्हता. प्रथम त्याला भीती वाटली की, अभिमन काम करीतच नाही. मग वाटले की, करीत असेल, पण मला ऐकू येत नाही. आणि मग, ऊन झाडाच्या बुंध्याशी आल्यावर, त्याला वाटले की, ऐकू न येणेच कदाचित बरोबर असेल. पोरगा आत एकटा होता. तेथे बापाच्या कानालाही प्रवेश नव्हता.

दुपारनंतर फाटक उघडले. काही मुले मान खाली घालून निघाली, एकजण डोळे पुशीत होता. अभिमन सर्वांत शेवटी आला. उसने बूट त्याला चावत होते, म्हणून तो लंगडत होता आणि हसत होता.

"घेतलं, आबा. रतिलालभाई म्हनून मोठा साहेब शे, त्यानी स्वतः नाव वाची दाखाडं. एक वरीस शिकाऊ. एक तारखेपासून."

भिकनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून दिला. बोलण्याजोगे पुष्कळ होते, पण त्याच्या तोंडून निघाले ते हे. "तुना ठोका कोनता व्हता रे? कान दीसन बसनू व्हतू. माले वळखू नही उना."

"बठ्ठासना सारखाच शे, आबा. सारखा नही उना तं घेतस नही."

"आस्सं?" भिकन म्हणाला. थोडे चालून गेल्यावर तो पुन्हा म्हणाला, "सुपडूले सांगसू, सुरतनं एकच तिकीट काढ."

रस्त्याच्या कडेला एका गाडीवर त्यांनी भजी घेतली. अभिमन दोन घास खाऊन म्हणाला, "साहेबनी टाकी बठ्ठी पास करी. मापमा बराबर. पन झाळ खाले जाड शे म्हने. टाकी कलती कराले उशीर झाया. बोट ठेईसन दाखाडं त्यानी."

"माले दिसनं व्हतं काल," भिकन म्हणाला.

मुलाने भजे हातातच धरले आणि बापाकडे पाहिले. "दिसनं व्हतं? मंग सांगं काब्रं नही?"

भिकनने कागदातली हिरवी मिरची निवडून मुलाच्या बाजूला सरकवली.

"तुनी टाकी व्हती ना," तो म्हणाला.